पुष्करला दाखवायचं ताट

श्यामलाबाईंनी उभ्या आयुष्यात गाऊनवर ओढणी घेतल्याशिवाय दूधवाल्याला दार उघडलं नव्हतं. हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर अनंतरावांनी पुढे जे केलं ते म्हातारपणाचं खूळ वाटेल, आणि खूळ ते अजिबात नव्हतं. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवलेली बाई. पदराला पिन, आणि ती निसटली तर म्हणून पर्समध्ये दुसरी. तीन वर्षांपूर्वी डोक्यातलं एकेक पुसत गेलं. आधी गॅस बंद करायचं, मग शेजाऱ्यांची नावं, मग अनंतराव. होय, नवरासुद्धा. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानंतर वारज्याच्या स्वतःच्याच फ्लॅटमध्ये त्या त्यांना विचारायच्या, आपण कोणाकडे आलात म्हणून. एक पुष्कर तेवढा पक्का लक्षात होता.

पुष्कर म्हणजे त्यांचा मुलगा. बायको स्पृहा आणि तो, दोघंही शहराच्या दुसऱ्या टोकाला खराडीला आयटीत, आणि राहायलाही तिकडेच. आता खराडी काही परदेशात नाही, पण पुष्करचं बोलणं ऐकलं तर तिथून वारज्याला यायला व्हिसा लागत असावा असं वाटे. आधी दर रविवारी, मग रविवाराआड, मग महिन्यातून एकदा, तेही बूट न काढता आल्यासारखा. आईला एखाद्या चांगल्या संस्थेत ठेवू, असं त्याने दोनदा काढलं आणि अनंतरावांनी दोनदा धुडकावलं. शेवटी तडजोड झाली. आई घरीच राहील, पण हॉलमध्ये कॅमेरा लागेल आणि तो ऑफिसातून लक्ष ठेवील. कॅमेरा बंद दिसला तर मात्र मी संस्थेत नाव घालणार, असं त्याने बजावलं. अनंतरावांनी मान डोलावली. करतात काय?

टीव्हीच्या वर पांढरा, अंड्याएवढा कॅमेरा बसला. त्याच्यावर हिरवा दिवा. पहिल्या दिवशी त्यातून पुष्करचा आवाज आला, ‘आई, जेवलीस का?’ झालं. तेव्हापासून पुष्कर तिथे राहतो अशी श्यामलाबाईंची खात्री झाली. रोज साडेबाराला त्या ताट वाढून घेत, कॅमेऱ्याखाली उभ्या राहत आणि देवाला नैवेद्य दाखवावा तसं ते वर धरत. आज पडवळ आहे, तुला नाही आवडत, पण बघ. मगच जेवायला बसत. महिन्याभरात आवाज येईनासा झाला, पण त्यांचं काही अडलं नाही. हिरवा दिवा आहे म्हणजे पोरगं बघतंय.

मग मार्चमधली ती दुपार. कामाच्या विमलाबाई आंघोळ घालत होत्या आणि टॉवेल आणायला क्षणभर वळल्या, तेवढ्यात श्यामलाबाई तशाच बाहेर आल्या. अंगावर सुताचा धागा नाही. कॅमेऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि पुष्करला विचारू लागल्या, आज कुठलं लुगडं नेसू रे? अनंतरावांनी हातातला पेपर टाकला आणि सोफ्यावरची चादर ओढून त्यांच्याभोवती गुंडाळली. मुलाने पाहिलं असेल का, हीच एक चिंता. पण मुलगा तो मुलगाच, आजारी आई आहे हे त्याला कळतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

ती समजूत संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. वरच्या मजल्यावरचा सुदर्शन, नेटवर्कच्या कामातला मुलगा, वायफाय बघायला आला होता. पुष्करला हे कसं दिसतं, असं त्याला सहज विचारलं, तर तो म्हणाला की काका, इथून थेट पुष्करदादाच्या फोनवर काही जात नाही. आधी सगळं त्या कंपनीच्या मशीनवर जातं, बाहेरच्या कुठल्यातरी देशात. तिथून दादाकडे. मध्ये कोण बघतं, काय ठेवतं, देव जाणे.

दुसरं कोणी असतं तर खांदे उडवून सोडून देतं. पण अनंतरावांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती, लायनी तपासायच्या टेबलावर. या टोकाला एक माणूस, त्या टोकाला एक माणूस, आणि मध्ये कानाला हेडफोन लावलेला तिसरा. तो तिसरा म्हणजे तेच. तपासणीपुरतं ऐकायचं असा नियम होता, पण पंचविशीतल्या पोराला नियम किती पुरणार? नव्या नवऱ्याने बायकोशी बोललेलं त्यांनी ऐकलं होतं, टेबलावरच्या बाकीच्यांना बोलावून ऐकवलं होतं, आणि सगळे पोट धरधरून हसले होते. मधला माणूस काय करतो हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. कॅमेऱ्याची लाइन मात्र सरळ मुलाकडे जाते, हे त्यांनी कसं धरून चालावं? त्यांनीच!

“सुदर्शन,” ते म्हणाले, “हे घराबाहेर जायचं बंद कर. आत्ता.”

सुदर्शनने राउटरमध्ये शिरून कॅमेऱ्याची बाहेरची वाट तोडली. कॅमेरा चालू राहील, पण चित्र घरातल्या घरात, असं त्याने समजावलं. अनंतरावांच्या फोनवर एक ॲपही टाकून दिलं. घरात बसून त्यावर हॉल दिसे, आणि बोललं तर कॅमेऱ्यातून आवाज येई. फक्त इंटरनेट नसल्यामुळे हिरवा दिवा लाल झाला.

आता पुष्करचा फोन येणार. रागावणार, संस्थेचं नाव काढणार. अनंतरावांनी उत्तर घोकून ठेवलं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, फोन नाही. इकडे श्यामलाबाईंनी जेवण सोडलं. ताट घेऊन त्या कॅमेऱ्याखाली जात, लाल दिव्याकडे बघत आणि पुष्कर रागावलाय म्हणून ताट तसंच ठेवून देत. विमलाबाईंनी पेज भरवली तर तोंड मिटून घेत. कसंबसं चार चमचे दूध जाई. आठव्या दिवशी त्यांच्या हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकल्या. ते बघून अनंतरावांचा धीर सुटला. गेली अब्रू चुलीत, बाई जगली पाहिजे. त्यांनी स्वतःच पुष्करला फोन लावला आणि सगळं कबूल केलं. आठ दिवस कॅमेरा तोडलाय, चुकलं असेल तर चुकलं, पण ती जेवत नाही, तू ये किंवा मी परत जोडतो.



“तोडलाय? अच्छा,” पुष्कर म्हणाला. “मला माहीतच नाही बाबा. दिवाळीत फोन बदलला ना, तेव्हापासून ते ॲप घेतलंच नाहीये. जोडा, नका जोडू, तुम्हाला ठीक वाटेल ते करा. मी मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू?”

दिवाळीपासून. पाच महिने. पाच महिने बाईने रोज साडेबाराला ताट वर धरलं होतं, आणि ते पाहिलं असेलच तर त्या मधल्या तिसऱ्याने. अनंतरावांना राग यायला हवा होता, पण आधी रडूच आलं. सत्तरीच्या माणसाने पोरासारखं स्फुंदून रडावं असं ते रडले. परत जोडायचं, तर कोणासाठी?

हॉलमध्ये भांड्याचा आवाज झाला. साडेबारा. विमलाबाईंनी ताट हातात दिलं होतं आणि श्यामलाबाई कॅमेऱ्याखाली जाऊन उभ्या होत्या. अनंतरावांनी आतल्या खोलीचं दार लोटलं, ॲप उघडलं आणि बोलायचं बटण दाबलं. घसा दोनदा साफ करावा लागला.

“आई,” ते म्हणाले, “जेवलीस का?”

फोनमधल्या त्या छोट्या श्यामलाबाईंनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा असा उजळला की अनंतरावांना स्क्रीनकडे बघवेना.

“आवाज बसलाय तुझा.”

“सर्दी झालीय.”

“काढा घे. दुधी आहे बघ आज.” त्यांनी ताट वर धरलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “अरे, इथे एक गृहस्थ असतात. दिवसभर माझ्यामागे असतात बिचारे. भले आहेत. पण ओट्याशी उभ्यानेच जेवतात रे रोज. त्यांचं कोणी नाही वाटतं. परका पुरुष, म्हणून मी बसवून घेत नाही. बसवू का आज?”

बटणावरचा अंगठा ओला झाला होता.

“बसव, आई.”

श्यामलाबाईंनी पदर सारखा केला आणि आतल्या खोलीकडे वळून हाक मारली.

“अहो, या जेवायला. मुलाला विचारलंय मी, तो हो म्हणाला.”