वोवकाचा त्वारोह

मी एक शब्द आहे, आणि आज स्वतःच बोलतोय. जरा सांभाळून घ्या.

माझं नाव त्वारोग, जुन्या स्लाव्हिक भाषेतला. अर्थ, दुधातलं पाणी निथळून उरतो तो गोळा. 'घडवणे' अशा अर्थाच्या शब्दापोटी मी जन्मलो, असं पंडित म्हणतात. मला लिहिलेलं मात्र कुणीच पाहिलेलं नाही. माझ्यापासून निघालेले शब्द ती माझी लेकरं, त्यांच्या तोंडवळ्यावरून पंडितांनी माझा चेहरा बेतला.

लेकरं चिक्कार! रशियात त्वोरोग, पोलंडमध्ये त्वारुग. एक जर्मनांकडे दत्तक गेलं, त्याचा क्वार्क झाला. आता सुपरमार्केटातल्या डब्यांवर मिरवतो, बापाला ओळखही देत नाही. धाकटा त्वारोह पूर्व जर्मनीतल्या मूठभर सोर्बियन लोकांकडे राहिला. माझा जीव त्याच्यात.

तो मार्या आजीच्या तोंडी होता. नात लेंका तिला सोर्बियन रीतीने 'वोवका', म्हणजे आजी, म्हणे, पण सोर्बियनमधला तेवढाच एक शब्द लेंकाला येई. बाकी भाषा तिला कुणी शिकवलीच नव्हती. लेंकाचा नवरा चारुदत्त पश्चिम जर्मनीत र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. दोघांनी आजीला तिथल्याच वृद्धाश्रमात आणून ठेवलं. या हिवाळ्यात तिला पक्षाघाताचा झटका आला, आणि जर्मन पार पुसली गेली. उरली लहानपणची सोर्बियन, तीही जड जिभेने. फोनवरच्या भाषांतरालासुद्धा उमजेना.

"त्वारोह," आजी म्हणे, आणि पुढ्यातलं ताट ढकलून देई. डॉक्टर नळीने भरवायचं म्हणू लागले. माझं लेकरू ओठांवर, आणि बाई उपाशी!

रविवारी चारुदत्तची आई, साताऱ्याहून आलेल्या कुमुदिनीबाई, भेटायला गेल्या. आजी पुन्हा तेच म्हणाली, आणि धड हाताने हवेतच फडकं पिळून उंच टांगल्यासारखं केलं.

"अगंबाई! लेंका, यांना चक्का हवाय!"

"चक्का म्हणजे, आई?"

"अगं, श्रीखंडासाठी तुमचा तो क्वार्क मी फडक्यात टांगते ना, तोच!"

"आल्झो... म्हणजे क्वार्क! गेनाऊ, अगदी तोच!" लेंका रडायलाच लागली.

रविवारची दुकानं बंद होती. चारुदत्तने घरी आईने श्रीखंडासाठी नळाला टांगलेलं पुडकंच सोडून आणलं. साखर अजून पडली नव्हती. आजी मीठ लावून पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी कुमुदिनीबाई वाटी घेऊन आल्या. आजी हसली आणि स्पष्ट म्हणाली, "चक्का."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली! इतक्या पिढ्या चालून आलेलं माझं लेकरू तिने बाजूला सारलं, आणि तेही परक्या शब्दासाठी. पण रागवू कुणावर? ज्याने घास मिळाला, तोच शब्द तिने धरला.

लेंका, तिला तहानही लागते, थंडीही वाजते, कुठेतरी दुखतंही. त्यांचेही सोर्बियन शब्द तिच्यापाशी आहेत. ती आहे तोवर विचारून घे, बाई.