सगळ्या वायरी काळ्या

इंजिन टेम्पोतून उतरलं, साखळीवर लटकलं आणि कोणी हात न लावता सावकाश अर्धा वेढा फिरलं. रस्त्याकडे पाठ, गॅरेजकडे तोंड. मग थांबलं.

"ताई, एक नंबर माल आहे," भंगारवाला म्हणाला. "टर्बो जागेवर, कॉम्प्युटर जागेवर. गाडी मागून ठोकलेली होती. पुढे ओरखडा नाही."

"ब्लॉकवरचा नंबर कुठाय?"

"असेल की तिथंच."

"घासलाय कोणीतरी."

"गंज असेल गं."

"गंज काय कानस घेऊन चढतो?"

भंगारवाला मनापासून हसला. तिच्या प्रश्नांना तो नेहमी टेम्पोत बसून उत्तर देतो, म्हणजे देतच नाही. "बाकीची गाडी कुठाय?" हे तिनं ओरडून विचारलं तेव्हा खिडकीतून त्याचा हात तेवढा बाहेर आला. पंजा उघडला, मिटला. दाबून चपटी झाली, असा त्याचा अर्थ.

इंजिन बेकरीवाल्याच्या गाडीसाठी होतं. त्याचं दुकान चढावर. "ताई, माझ्याआधी पावाचा वास वर पोचतो," तो म्हणायचा. जुनं इंजिन काढून ठेवलं होतं, पुढचा खड्डा रिकामा होता. तो रोज डोकावून जायचा. "अशी जास्त शांत वाटते. अशीच नेऊ का?"

टर्बोवरची नंबराची पत्र्याची पट्टीही नव्हती. रिव्हेटची दोन भोकं तेवढी उरली होती. ह्या इंजिनाच्या दोन जाती येतात. बाहेरून जुळ्या बहिणी, कॉम्प्युटरच्या पिना मात्र वेगळ्या. एकीचा हिशोब दुसरीला लावला की खेळ खलास. नंबर असता तर फोनवर कळलं असतं. आता वायरी बघूनच ओळखायचं. ती वाकली, हवेच्या नळीमागून हात घातला आणि कॉम्प्युटरच्या डबीतून निघणारा कापलेला झुबका उजेडात ओढला.

सगळ्या वायरी काळ्या होत्या.

काळी

कंपनीच्या वायरींना रंग असतात. एकही सोडायचा नाही असं ठरवून दिल्यासारखे रंग. ह्या झुबक्यात एकच रंग, आणि प्रत्येक वायरीवर मेणाच्या दोऱ्याची गाठ. कुठे एक, कुठे दोन.

जगात असं वायरिंग एकाच गॅरेजात व्हायचं, आणि ती त्या गॅरेजात उभी होती.

तिचे वडील, अण्णा, ह्यांना लाल आणि हिरवा सारखाच दिसतो. गाड्यांच्या वायरिंगचा धंदा करणाऱ्या माणसाला. हे बाहेर फुटलं असतं तर गिऱ्हाईक दारातूनच परतलं असतं. म्हणून अण्णांनी रंग मोडीतच काढले. काळ्या वायरीचं एक भलंमोठं भेंडोळं आणायचं, सगळं त्यातच करायचं, आणि ओळखायला गाठी. एक गाठ म्हणजे अर्थ, अर्थिंगची वायर. दोन म्हणजे बॅटरीचा सरळ करंट, बारा व्होल्ट. तीन म्हणजे सेन्सरचा नाजूक करंट, पाच व्होल्टचा. अंधारातसुद्धा बोटांनी वाचता येतं. ही भाषा घरात तिघांना यायची. अण्णांना, तिला आणि दादाला.

दादा असा होता की

वाक्य इथंच तुटतं, कारण ह्या घरात ते इथंच तुटायचं.

जे पुरं करता येतं ते असं. एका गिऱ्हाइकानं काळ्या वायरींवरून कटकट केली. दादा तरणाबांड, तोंडाचा फटकळ. भर गॅरेजात म्हणाला, "आमच्या अण्णांना लाल-हिरवं कळत नाही. काय करायचं, सिग्नललासुद्धा दुसऱ्यांकडे बघून थांबतात." लोक खो खो हसले. अण्णाही हसले. दुकान बंद झाल्यावर म्हणाले, तोंड दाखवू नकोस. दादानं तेवढंच अक्षरशः ऐकलं. आयुष्यात बाकी काही ऐकलं नव्हतं.

पुढे कधीतरी फोन आला. पुलाखाली गाडी सापडली, दार उघडं, माणूस नाही. नदी मोठी होती. शोधणाऱ्यांनी हात टेकले. अण्णांनी फोन ठेवला, बल्ब बदलायला घेतला होता तो बदलला, आणि त्यानंतर घरात "दादा" हा शब्द कोणी काढला नाही. तिनंही नाही. काही घरांत भुताला जागा द्यायला खोली असते, ह्यांच्याकडे एवढा गप्पपणा होता.

वर्तुळ

प्लॅस्टिकच्या प्रत्येक प्लगवर साच्यातच एक चिमुकलं वर्तुळ उमटवलेलं असतं. मध्ये बाण आणि वर्षाचे दोन आकडे. तिनं झुबक्याच्या मुळाशी असलेला प्लग अंगठ्यानं पुसला.

पुन्हा पुसला. चष्मा बदलून बघितला.

प्लग पुलाखाली गाडी सापडली त्यानंतरचा होता, आणि पुलानंतर ह्या गॅरेजात कोणी गाठ मारली नव्हती. आणि दादाच्या गाठी त्या प्लगातून निघालेल्या वायरींवर होत्या.

अण्णा दारापाशी जुन्या गाडीच्या सीटवर बसले होते. जेवण झालं की त्यांना तिथंच डुलकी लागते. मान एका बाजूला, तोंड जरासं उघडं.

"चिमे, कसलं इंजिन आहे?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"टर्बो आहे, अण्णा. झोपा तुम्ही."

"ओळखलंस का?"

"बघतेय अजून."

दारातून वाऱ्याची झुळूक आली. टर्बोचं पंख्याचं पातं आपणहून दोन फेरे फिरलं. इतक्या हलक्या फिरणाऱ्या वस्तूचा आवाज होत नाही. तिला मात्र तो ऐकू आला.

"गप रे," ती इंजिनाला म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की बाहेरच्या इंजिनाला ती "रे" कधीच म्हणत नाही.

दोन गाठी

कॉम्प्युटरच्या पोटात गाडीचा चासी नंबर लिहिलेला असतो. बाहेरचा घासता येतो, हा राहतो. त्या नंबरावरून गाडी कोणाच्या नावावर होती ते निघतं, राहायचा पत्ता निघतो. तिला फक्त डबीला अर्थ द्यायचा होता, बारा व्होल्ट द्यायचे होते आणि स्कॅनर लावायचा होता. स्कॅनरच्या दोन वायरी कोणत्या ते आंधळ्यालाही कळलं असतं, त्या एकमेकींना पीळ घातलेल्या होत्या. बाकीचं गाठी सांगणार.

वायर तपासायचा मीटर टेबलावर होता. तिनं उचलला.

असल्या वेळी कोणीही वायरिंगवाला मीटर लावतो. दुसऱ्याच्या कामावर भरवसा ठेवायचा नाही, हे ह्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. पण हे दुसऱ्याचं काम नव्हतं. मीटर लावायचा म्हणजे त्याला विचारायचं, तू खरंच तूच आहेस ना? आणि तो नसला तर? कोणीतरी कुठूनतरी ही युक्ती उचलली असेल तर? तिला ते विचारायचंच नव्हतं. तिनं मीटर खाली ठेवला.

एक गाठ. बोटानं चाचपली. अर्थ. जोडली.

दोन गाठी अशा चार वायरी निघाल्या. बॅटरीला चार कशाला? टर्बो आहे, जास्त लागत असतील. दादानं काहीतरी विचार करूनच केलं असणार. चारी एकत्र पिळल्या.

"आलेच हं," असं ती म्हणाली. कोणाला ते माहीत नाही.

बॅटरीचा चिमटा लावला.

आवाज झाला नाही. स्कॅनरच्या पडद्यावर एक ठिपका फिरत राहिला. मग डबीच्या कडेनं धुराची बारीक रेघ वर गेली, सरळ, घाई नसल्यासारखी.

वास

"काय जाळलंस?"

अण्णा उभे होते. रंग कळत नसले तरी त्यांच्या नाकाला जळक्या कॉम्प्युटरचा वास शंभर वासांतून कळतो. तिनं चिमटा काढला होता, हात मात्र अजून तिथंच होता.

"अण्णा, बसा तुम्ही."

"मला बसवू नकोस. आण इकडे."

झुबका पाठीमागे लपवावा असं तिला एकदा वाटलं. एवढी मोठी बाई, लहानपणी मोडकी पाटी लपवायची तशी. अण्णांनी तो घेतला. बोटं वायरींवरून फिरली, आणि थांबली. पुन्हा पहिल्यापासून फिरली.



"कुठून आलं हे?"

"भंगारातून. अण्णा, प्लग पुलानंतरचा आहे. मी वर्ष बघितलं. आतला नंबर वाचायचा होता. दोन गाठी होत्या त्यांना बारा व्होल्ट दिले."

"मीटर?"

तिनं टेबलावरच्या मीटरकडे बघितलं.

"चिमे, मीटर लावला होतास का?"

"त्याच्या गाठी होत्या ना."

अण्णांनी एक वायर तिच्या बोटांत दिली. "नीट बघ. पहिली आणि दुसरी चिकटून आहेत. तिसरी तो लांब बांधायचा, दोन बोटं सोडून. मी किती बोललोय त्याला ह्यावरून. म्हणायचा, अण्णा, जवळ बांधल्या तर घाईत दोनच लागतात हाताला." त्यांनी वायरीचं टोक दाखवलं. भंगारवाल्याच्या कटरनं तिरकं कापलेलं, लखलखीत तांबं. "तिसरी गाठ ह्याच्यापुढे होती. कापून गेली. ही पाच व्होल्टची होती. तू बारा दिलेस."

"म्हणजे तोच आहे."

"तोच आहे. दुसरं कोण एवढं हट्टी असणार?"

मग तिला रडू आलं. इतकी वर्षं न आलेलं, कारण रडायला तेव्हा काही हातात नव्हतं आणि आता एक जळकी डबी होती. "मी पुसून टाकला त्याला, अण्णा. तेवढाच नंबर होता."

अण्णा ब्लॉककडे गेले. घासलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, मग टर्बोवरच्या रिव्हेटच्या भोकांवरून. कानशीचे ओरखडे एकाच दिशेचे, समान दाबाचे. घाईनं केलेलं काम नव्हतं ते.

"हा कोणी घासला असेल?" त्यांनी विचारलं, पण विचारल्यासारखं नाही.

उत्तर दोघांनाही येत होतं. ज्याला तोंड दाखवायचं नव्हतं, त्यानंच.

दार

बेकरीवाला दारात आला. "ताई, झालं का लग्न? नवरी बसली का गाडीत?"

"कॉम्प्युटर गेला," ती म्हणाली. "माझ्या हातून. दुसरा आणून देते, माझ्याकडून."

तो थट्टा करणार होता. तिचा चेहरा बघून थांबला, हातातली पिशवी टेबलावर ठेवली. "सावकाश करा. मला कुठं जायचंय? चढावरच जायचंय," म्हणाला आणि गेला.

ती मीटर घेऊन बसली. उरलेल्या प्रत्येक वायरीला दोन्ही टोकं लावून बघू लागली. अण्णांनी सीट ओढत ओढत इंजिनापाशी आणली. त्या सीटला जागेवरून हललेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"किती वर्षांचा असेल आता?" अण्णांनी विचारलं.

तिनं मीटरचा काटा बघता बघता मनात बेरीज केली. "चाळिशी ओलांडली असेल."

"मग केस गेले असतील," अण्णा म्हणाले. "आमच्याकडे त्याच वयात जातात."