तळ्याकाठी हाक मारायची नाही

माझा भाऊ नेरिओ चिलीहून आला तो आईला घेऊन जायचं ठरवूनच. कोणीतरी त्याला फोनवर सांगितलं होतं की म्हातारी चूल पेटती ठेवून शेतात निघून जाते. झालं, सांतियागोत बसल्या बसल्या त्याचा जीव खालीवर व्हायला लागला. दुरून डोंगर साजरे म्हणतात, आमच्या नेरिओला ते दुरूनच भयाण दिसायचे.

मी खाली मेरिदा शहरात पावाच्या भट्टीत कामाला आहे. खोली एवढीशी, कामाची पाळी पहाटेची. दर रविवारी बस धरून आईकडे वर यायचे. ती विसरते हे मलाही दिसत होतं, पण या वयात कोण विसरत नाही? तिचं घर, तिचा बटाट्याचा तुकडा, तिच्या कोंबड्या, एवढ्यावर तर ती उभी होती. तिला तिथून उपटून सांतियागोतल्या पाचव्या मजल्यावरच्या घरात नेऊन लावलं तर ती जगायची नाही, असं मी नेरिओला तोंडावर सांगितलं. मग आमची जुंपली. त्यानं माझ्या नुसत्या रविवारच्या फेऱ्या काढल्या, मी त्याचं इतकी वर्षं न येणं काढलं.

आईनं आमचं भांडण कोंबड्यांना दाणे टाकता टाकता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तळ्यावर चला. तुमचा बाप न्यायचा तसं, एक रात्र राहू. मी तिथं धड राहिले तर माझं घर माझं. नाहीतर घाला मला विमानात."

नेरिओ हसला आणि कबूल झाला. मला तर आनंदच झाला. जी बाई पारामोवर, झाडं संपतात त्या उघड्या माळावर रात्र काढते, तिला स्वतःच्या घरात राहता येत नाही असं कोण म्हणेल?

आमच्याकडे पारामोची तयारी आईच करत आली. वर सकाळी ऊन, दुपारी धुकं, संध्याकाळी गारा, आणि मधेच कधी बर्फ. तिकडे जाताना प्रत्येकाचे कोरडे कपडे वेगळे बांधून, त्यावर प्लास्टिक गुंडाळून, सगळं एका पोत्यात जायचं. गूळ, गव्हाच्या भाकऱ्या, चीज आणि बडीशेपेच्या दारूची बाटली वरच्या अंगाला. वडील असतानाही त्या पोत्याला दुसऱ्या कोणाचा हात लागत नसे. नेरिओनं चिलीहून तंबू आणला होता, निळा, हलका, समुद्रकाठच्या सुट्टीत शोभेल असा. फोनवर त्यानं आईला हवामान दाखवलं. त्यात सूर्याचं चित्र होतं. आईनं फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाली, "हे ऊन तुमच्या सांतियागोचं असेल रे."

सकाळी पोतं दारात तयार होतं, दोरानं आवळून बांधलेलं, गाठ तिची नेहमीचीच. मी नेरिओला बघ म्हणून खूण केली. त्यानं मान हलवली. त्याची पोरगी मायतेही बरोबर होती, सहा-सात वर्षांची, प्रत्येक गोष्टीला "का?" विचारणारी. चढताना आई सगळ्यांच्या पुढे होती आणि नेरिओ धापा टाकत मागे. मी मुद्दाम त्याला म्हटलं, "काय रे, कोणाला घालायचं विमानात?"

तळं दिसलं तशी आई थांबली आणि तिनं मायतेला जवळ घेतलं. इथं हळू बोलायचं, तिनं सांगितलं. ओरडायचं नाही, कोणाला हाक मारायची नाही. तळ्याला आवाज खपत नाही, ते रागावलं की पारामो उठतो, धुकं आणि गारा घेऊन. मायतेनं का म्हणून विचारलं. मी आणि नेरिओ एकदमच शू म्हणालो. चिलीत एवढी वर्षं काढून आलेला माणूस, पण तळ्याकाठी त्याचाही आवाज आपोआप खाली गेला होता. अशा गोष्टी लहानपणी अंगात शिरतात त्या शिरतात.

दुपारपर्यंत सगळं छान होतं. तंबू उभा राहिला, आईनं तीन दगडांची चूल मांडून गुळाचं पाणी उकळलं. नेरिओ मला बाजूला घेऊन म्हणाला की कदाचित आपलंच चुकलं, शेजाऱ्यांना काय, बोलायला हवं असतं. मी मोठेपणा घेतला नाही. मनात मात्र जिंकले होते.

मग धुकं आलं. आलं म्हणेपर्यंत तळं गेलं, समोरचा कडा गेला, आणि बारीक गारा आडव्या लागायला लागल्या. वाऱ्यानं तंबूची एक काठी वाकली आणि पाणी आत आलं. आम्ही तिघं चिंब झालो. आई कुठाय, नेरिओनं विचारलं. मी म्हटलं, चुलीपाशी असेल, तू आधी पोरीला कोरडं कर. त्यानं पोतं ओढलं, दोर सोडला.

पहिल्या पुडक्यात लहान मुलाची रुआना निघाली, डोक्यातून घालायची लोकरीची घोंगडी, खांद्यावर लाल पट्टा असलेली. दुसऱ्यात तसलीच आणखी एक, त्याहून लहान. दोन जोड विणलेले मोजे, माझा पंजा जेमतेम मावेल एवढे. आणि वडिलांची जाड विजार. वडिलांना जाऊन किती काळ लोटला होता. तिनं वडिलांसाठी, नेरिओसाठी आणि माझ्यासाठी बांधलं होतं, आम्ही सहा-सात वर्षांचे असतानाचे नेरिओ आणि मी. तिच्या स्वतःसाठी त्यात काही नव्हतं.

नेरिओ माझ्याकडे बघत राहिला. मला त्याच्याकडे बघवेना. मी मायतेचे ओले कपडे काढले आणि तिला माझी रुआना घातली. तिला ती बरोब्बर बसली.

चुलीपाशी आई नव्हती.

आम्ही दोघं बाहेर पडलो, मायतेला तंबूतून हलायचं नाही म्हणून बजावलं. दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. आणि खरं सांगते, आम्ही हाक मारली नाही. तो एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, दगडांमागे वाकून बघत, चाचपडत, तोंड मिटून हिंडत होतो. आई हरवली होती आणि आम्ही दोन घोडे तळं रागवेल म्हणून गप्प होतो. तळं रागवायचं आणखी काय राहिलं होतं? शेवटी तंबूतून मायतेचा रडका आवाज आला, "तुम्ही आजीला हाक का मारत नाही?" तेव्हा नेरिओच्या तोंडून "आई" निघालं. पहिल्यांदा घोगरं, मग मोठ्यानं.

उत्तर आलं नाही. पण मग आम्ही दोघंही ओरडत राहिलो, त्यामुळे एकमेकांपासून तुटलो तरी नाही, आणि थोड्या वेळानं वरच्या अंगाला, एका कातळाच्या आडोशाला ती सापडली. बसली होती. ओठ निळे पडलेले, हात मांडीवर, आणि चेहऱ्यावर हसू. ते हसू आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पारामो माणसाला गारठवून घेऊन जातो तो हसवत नेतो.

"एलादिओ अजून आला नाही," ती म्हणाली. एलादिओ म्हणजे आमचे वडील. "जरा पडते. तो आला की उठवा."

झोपू द्यायचं नाही. मारायचं. पारामोनं धरलेल्या माणसाला आमच्याकडे झोडपून उठवतात आणि चालवतात. खालचे डॉक्टर म्हणतात असं करू नये, पण तिथं डॉक्टर नव्हता. नेरिओनं तिला उभं केलं, ती दुमडून खाली आली. मी त्याला म्हटलं, मार. त्याच्या हातात पोत्याचा दोर होता, कसा आला होता देव जाणे. त्यानं तो वर उचलला आणि तसाच खाली आणला. "मला नाही होणार, ब्रिसेइदा," म्हणाला.

मी दोर घेतला आणि आईच्या पोटऱ्यांवर मारला. पहिला हळू बसला. तिनं डोळेही उघडले नाहीत. मग मी जोरात मारला, आणि परत, आणि परत. ती ओरडली. उठून उभी राहिली, दोन पावलं टाकली, मी मागून मारतच होते. ती दोन्ही हात मागे नेऊन पाय झाकायला बघत होती आणि लहान पोरीच्या आवाजात म्हणत होती, "नको ना आई, आता नाही करणार, नको मारू."

नेरिओ मोठमोठ्यानं रडत होता. मी रडले नाही, मला मारायचं होतं.

तंबूत आम्ही तिचे ओले कपडे काढले, तिला वडिलांची विजार चढवली. तंबूमागच्या फ्रायलेखोनच्या झुडपाची लोकरी पानं ओरबाडून तिच्या अंगाभोवती कोंबली, मायतेला तिच्या कुशीत दिलं, आणि नेरिओ आणि मी दोन बाजूंनी चिकटून बसलो. तिला कापरं भरलं, म्हणजे अंगात ऊब परतत होती, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. गारा थांबल्यावर तिला आळीपाळीनं पाठीवर घेऊन खाली आणलं. पैज कोण हरलं ते दोघांनाही माहीत होतं, पण मी अजून मान्य करत नव्हते. घरी ऊब असते, मी मनात म्हणत होते. घरी पारामो नसतो. रोज कोणीतरी येऊन बघून जाईल अशी सोय करू.

दोन दिवस ती झोपूनच होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या पोटऱ्यांना मलम लावत होते. वळ काळेनिळे झाले होते, काही फुटले होते. ती शांतपणे माझ्या हातांकडे बघत होती.

"हे कोणी केलं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, मी केलं.

"काहीतरी कारण असेल," ती म्हणाली. "तू भली बाई दिसतेस." मग दाराकडे पाहून तिनं आवाज खाली आणला. "तुला म्हणून सांगते. मला हल्ली काही राहत नाही डोक्यात. रात्री उठते तर हे कोणाचं घर ते कळत नाही. भिंत धरून उजाडेपर्यंत उभी राहते. फार भीती वाटते गं. पण माझ्या लेकीला सांगू नकोस. ती रविवारी येते. घरासाठी भावाशी भांडते बिचारी."

मी मलमाचं झाकण लावलं. "नाही सांगत," म्हटलं.

नेरिओ अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होता. मी त्याच्याजवळ गेले आणि तिचं तिकीट काढ म्हणून सांगितलं.