टिक झालं की दाबायचं

हनुवटी इथं. कपाळ इथं टेकवा. डोळा हलवायचा नाही, मावशी.

टिक.

दाबलं.

पांढऱ्या पातेल्यासारख्या यंत्रात सुभद्राबाईचं तोंड. डाव्या डोळ्यावर पट्टी, मुठीत बटण. बारीक दिवा दिसला की दाबायचं, असं वर्षाराणी सिस्टरनं सांगितलं होतं. दिवा क्वचित दिसायचा. आवाज मात्र ऐकू यायचा.

टिक. दाबलं.

(सहा हंगाम. उसाचं पाचट डोळ्यात जायचं. कारखान्याकडच्या एका मेडिकलवाल्यानं थेंब दिले. टाकले की आग थांबायची. बाटली पाचटाच्या झोपडीत, कोपीत, मेढीला टांगलेली. तिचा हात हलका म्हणून टोळीतले सगळे तिच्यापुढं मान वर करून बसायचे. स्वतःच्या डोळ्यात ती रोज टाकायची.)

टिक.

डॉक्टर सकाळी म्हणाले, त्या थेंबात स्टिरॉइड होतं. डोळ्यातला दाब वाढला, नस वाळली. डावा गेला. उजवा किती उरलाय ते मशीन सांगेल. कमी भरला तर ऊसतोड बंद.

दाराबाहेर त्रिंबक, तिचा नवरा, फोनवर. "व्हय मुकादम, दोघंबी येतो. तिला काय धाड भरली? चष्म्याचं हाय."

नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा. अर्ध्याला टोळीत जागा नसते.

टिक. दाबलं. टिक. दाबलं.

कागद निघाला.

"मावशी, मशीन मधूनच नुसता आवाज करतं, दिवा लावतच नाही. तिथंही दाबलंय तुम्ही."

"हात चुकला."

"अकरा वेळा? कुणाला फसवायलात?"

"मुकादमाला. तू मधी आलीस."

वर्षाराणी हसली, मग हसली नाही. "परत करू. दमलात का?"

"लई. पण कर."

हनुवटी. कपाळ.

टिक.

गेल्या हंगामात तिचा कोयता त्रिंबकच्या मनगटाला चाटून गेलता. बाजूनं हात आलेला तिला दिसलाच नव्हता. पाचट लागलं, असं तो सगळ्यांना सांगत राहिला.

टिक. टिक.

बटण मुठीत तसंच.

टिक. टिक. टिक.

"मावशी? झोपलात?"

"न्हाई. दिव्याची वाट बघायले."

मशीन चालू राहिलं.

"बाई," हनुवटी न हलवता सुभद्राबाई म्हणाली, "भाईर माझा मालक हाय. त्याला म्हणावं, मुकादमाचा फोन ठेव."