कोऱ्या जागेचं पाप नाई

“बाई, जे झालं त्याच्याच म्होरं हौ लिहिजो. नाई झालं तं जागा कोरी सोडजो. कोऱ्या जागेचं पाप लागत नाई.”

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, आणि माझ्या कानावर पडलेला हा पहिला आवाज. तो डोमाजींचा. बालाघाटच्या एका वॉर्डात, घराच्या ओसरीवर बसून त्यांनी पोती शिवायच्या दाभणाने मला शिवलं, जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा चढवला आणि लेकीच्या, आम्रपालीच्या हाती दिलं. तिला शिक्षक भरतीची परीक्षा द्यायची होती. रोजची कामं माझ्यात लिहायची आणि झालेल्या कामापुढे ‘हौ’ लिहायचं, असं ठरलं. हौ म्हणजे आमच्याकडचं हो.

डोमाजी खाणीत कामाला होते, ही रीत त्यांनी तिथूनच आणली होती. पाळी संपली की वर आलेल्यांची हजेरी होई. नाव पुकारलं की ज्याचा त्याने हौ द्यायचा. दुसऱ्यासाठी कोणी देत नसे. खाली राहिलेल्याचा हौ वर कोणी देऊन टाकला, तर त्याला शोधायला उतरणार कोण?

सुरुवातीचे दिवस कसे भरलेले होते! सकाळचा हौ ताजा, दुपारचा घामेजलेला, संध्याकाळचा दमून वाकडा झालेला. मोतीबिंदूमुळे डोमाजींना बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून ती हौ चांगला ठळक लिही. दिवेलागणीला ते एकेका हौवर बोट ठेवत खाली येत. मग शेजारच्या मैनाबाईला मला उघडून दाखवत.

“पाह्य, एक जागा खाली नाई!”

“आमचा गजेंद्र तं जेवाले बी हौ म्हणत नाई,” मैनाबाई म्हणे. “मोबाईलमंधून मुंडकं काढन तवा ना!”

मी फुलून जाई. माझं तिथेच चुकलं.

त्या परीक्षेत आम्रपाली थोडक्यात राहिली. मग तिचं मन काही केल्या अभ्यासात लागेना. एका संध्याकाळी गणितापुढची जागा कोरी होती आणि अंगणात बाबांची चप्पल वाजली. तिने घाईघाईने हौ लिहिला. तो पहिला खोटा. दुसऱ्या दिवशी दोन. पुढे पुढे ती सकाळीच दिवसभराचे हौ लिहून ठेवी आणि भिंतीकडे तोंड करून पडून राही. मी सगळे पोटात घेतले. कागदाला वाचा नसते, ही माझी जुनी सबब. खरं सांगू? डोमाजींचं ते कौतुकाचं बोट मलाही हवं होतं.

ती दुसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा मला मांडीवर घेऊन डोमाजी म्हणाले, “मेहनत तं पोरीनं पुरी केली. मीच कुठंतरी कमी पडलो.”

तिने मला त्यांच्या मांडीवरून ओढून घेतलं. त्या दिवशी मी तांदळाच्या कोठीमागे गेले.

बाहेर चिन्नौर तांदळाचा सुवास, आणि माझ्या पोटात ते कुजके हौ. घरात नव्या डायऱ्या आल्या, रंगीत पेनं आली, मोबाईलमध्ये वेळापत्रक आलं. एकालाही आठवडा लोटला नाही. दोष त्यांचा नव्हता. खालचा खडा वेचला नाही, तर वर कितीही तांदूळ ओता, घास कचकचतोच.

आज तिने मला बाहेर काढलं. धूळ पुसली. ती खोटी पानं फाडायला गेली, पण हात थांबला. कोरं पान उघडून तिने एकच काम लिहिलं.

मित्रांनो, अशी एखादी वही तुमच्याही दप्तराच्या तळाशी असेल. तिला कव्हर नाही घातलंत तरी चालेल. पानं कोरी राहिली तरी चालतील, कोऱ्या पानावर उद्या लिहिता येतं. पण तिच्या तोंडून खोटं वदवू नका. आम्ही काही विसरत नाही.

डोमाजी आले. सवयीने पानावर बोट टेकलं.

“एकच काम? अन् हौ काहून नाई?”

“अजून झालं नाई, बाबा.”

“काय लिहिलं हाय?”

तिने माझी शिवण घट्ट धरली.

“तुमाले खरं सांगणं. बाबा, मांगचे सारे हौ खोटे होते. मी खालीच होती... अन् वर आली म्हणून रोज सांगत गेली.”