कॉलरवालीचा हात

कारखान्यात तिला सगळे कॉलरवाली म्हणत. तिने शिवलेल्या कॉलरी सातासमुद्रापलीकडच्या माना मिरवत होत्या, आणि इथे तिचाच उजवा खांदा आखडून बसला होता. डॉक्टरांनी गोळ्या आणि व्यायाम दिले. पंधरा दिवसांत हात चालला नाही, तर मशीन दुसरीला मिळणार होतं. व्यायामाला हात धरणारं कोणीतरी हवं होतं, आणि कोणाकडे काही मागायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं.

शेवटी डोंगरातून मामा आला. त्यांच्या लोकांत दुखणं अडलं की मामालाच बोलावत.

"गोळ्या सोडू नकोस," त्याने आल्या आल्या बजावलं. "त्या खांद्यासाठी. मी आलोय तुझ्यासाठी. सात माणसं बोलव, या हाताने ज्यांना काही दिलंय अशी."

"इथे माझं कोण आहे, मामा? त्यापेक्षा मला घरी घेऊन चल."

मामा कसला ऐकतोय! इथली भाषा त्याला मोडकीतोडकी येई, तरी पाळी सुटताना तो कारखान्याच्या फाटकावर उभा राहिला. मोबाइलवर भाचीचा फोटो आणि प्रश्न एकच: "हिने काय दिलं?"

संध्याकाळी तिच्या खोलीत सातांऐवजी अकरा जण दाटीवाटीने बसले. एकेकाने तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचं, आणि मामाने गुणगुणत तेल चोळायचं, अशी रीत.

"माझा फाटका खिसा हिने न सांगता शिवला," इस्त्रीवाला म्हणाला.

"माझी आई गेली, तेव्हा ही बस सोडून माझ्याजवळ बसली," फाटकावरची बाई म्हणाली.

सुपरवायझर खाली बघत पुटपुटला, "माझी चूक हिने स्वतःवर घेतली होती."

कॉलरवालीच्या डोळ्यांना धारा लागल्या. ही सगळी आपली माणसं होती, आणि आपल्याला पत्ताच नव्हता! कोणाकोणाचे उपकार मानावेत तिला कळेना.

तिने हात उचलून पाहिला. खांद्याच्या वर तो गेला नाही.

"अजून संपलं नाही," मामा म्हणाला. "नुसता देणारा हात अडतो. आता तू माग. त्याशिवाय कोणी उठायचं नाही."

तिने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. अकराही जण थांबून राहिले.

"उद्यापासून व्यायामाला... कोणी याल?"

"मी!" चौघे एकदमच बोलले.

मग तिला धीर आला. "आणि माझी वेणी," ती म्हणाली, "तीन आठवडे झाले, मला घालता येत नाही. कोणी घालून देता?"

फाटकावरची बाई उठून फणी शोधायलाही लागली होती.