मालूआजीची अळणी जिलबी

ही गोष्ट ऐकून कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर त्यानं आधी स्वतःची नाडी तपासून घ्यावी. करंजाड्याच्या मालूआजीनं पनवेलच्या एका हॉलमध्ये असा धवला गायला, की तिकडे जासईच्या यार्डात कंटेनरांची दारं आपोआप उघडली आणि आतला माल ताल धरून नाचला.

मालूआजी धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गावी तर तिनंच. तिनं लावलेली लग्नं अशी पक्की, की नवराबायको भांडतसुद्धा एकाच सुरात. पण नातवाचं, प्रणितचं, लग्न ठरलं खारघरच्या आभाशी. पोरगी फार्मासिस्ट, इस्पितळातल्या औषधांच्या दुकानात. आणि आभाचे विनायककाका पहिल्याच बैठकीत म्हणाले, "आजी, तुम्ही दोन ओळी म्हणा. पुढे आमचा डीजे आहेच."

"दोन वळी?" आजीनं पदर खोचला. "व्याहीबुवा, धवला पुरा व्हईल. मधी एक शबूद जरी सांडला, तर लावा तुमचा भोंगा. नाय सांडला, तर वरात माझ्या गाण्यावर निघंल. हाय कबूल?"

"कबूल!" काका हसले.

आता आजीच्या मनात धवल्याखालोखाल आणखी एक गोष्ट होती. जिलबी. मधुमेहापायी डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. साखर आटोक्यात राहिली तर लग्नात एक जिलबी, एवढीच सूट. त्या एका जिलबीसाठी आजीनं कंबर कसली. डॉक्टरांची गोळी होतीच, जोडीला कारल्याचा रस सुरू केला. ती कारली इतकी कडू, की वेलाच्या सावलीत निजलेलं मांजर पुढे महिनाभर दुधाला तोंड लावीना. त्यावर शेजारच्या गोदूनं गुडमारचा पाला आणून दिला. "चाव गो, साखर पळते." डॉक्टरांना कशाला सांगायचं? झाडपाल्यानं कुणाचं वाईट झालंय? एका बैलानं गाडी चालते, तर तीन जुंपल्यावर धावेल, असा आजीचा हिशोब. गाडी कुठल्या कड्याकडे धावतेय, ते काही तिनं पाहिलं नाही.

लग्नादिवशी सकाळी गोळी घेतली, रस प्यायली, आणि धवला संपेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही म्हणून उपाशी राहिली. हॉलच्या दारात मूठभर पाला चावला आणि माईक धरला.

"पयली हलद गो, उंबऱ्याला लागली,
दुसरी हलद गो, मिठागरा लागली..."

आजी रंगात आली. "तिसरी हलद गो," म्हणाली आणि थांबली. हात लटपटले, घामानं लुगडं भिजलं, समोरच्या विनायककाकांचे दोन झाले. 'एक काय कमी व्हता?' एवढंच तिच्या मनात आलं आणि ती मटकन पाटावर बसली.

दोन्ही काकांनी डीजेवाल्याला हात केला.

"खबरदार!" अंतरपाट बाजूला सारून आभा मुंडावळ्यांसकट धावली. "प्रणित, जिलबीवाल्याकडून पाक आण. वाटीभर! पळ! आजी, गिळता येतंय ना?"

आजीनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ह्यो पाक? पेज तरी बरी याच्यापरीस! कुनी फसवलं गो तुला?"

आभानं बोट बुडवून चाटलं. गोडमिट्ट! तिचे डोळे बारीक झाले. "आजी, गुडमार चावलात?"

आजीनं गोदूकडे पाहिलं. गोदूनं छताकडे.

"आणखी काय?"

"कारल्याचा रस. पेलाभर."

"आणि गोळी?"

"मंग? डॉक्टराला फसवू काय?"

"अहो, गोळी साखर उतरवते, कारलं उतरवतं, पालाही उतरवतो. तिघं मिळून उपाशी पोटावर तुटून पडले, साखर पार तळाला गेली! वर गुडमारनं जिभेची गोडी मारली. तिला कळत नसलं तरी रक्ताला कळतं. प्या! आणि उद्या डॉक्टरांना सगळं सांगायचं, पाल्यासकट."

आजीनं वाटी संपवली. वर हातात जिलबी आली. पहिल्याच घासाला ती ओरडली, "चटई! इतके दिस जीव टाकला, तो या अळणी चटईवर!"

पण हात थांबले, घाम सुकला, आणि काका पुन्हा एकटेच उरले.

"मग आजी, लावू डीजे?" उरलेल्या काकांनी विचारलं.

"का म्हणून? शबूद सांडला कुठं? तोंडात धरून बसले व्हते!" आजी ताडकन उठली.

"तिसरी हलद गो, सुनंला लागली,
सुनंच्या हातानं धवलारीन जागली!"

मग जो धवला उसळला! हमरस्त्यावरचे ट्रेलर हॉर्न मिटून ऐकत राहिले, कंटेनरांचं मघाशी सांगितलंच, आणि डीजेवाल्यानं स्वतःच्या हातानं वायर उपटून टाळ्यांचा ठेका धरला. शेवटच्या ओळीपर्यंत एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. अक्षता पडल्या. वरात निघाली ती आजीच्या गाण्यावर, आणि सगळ्यांत पुढे, बूट काढून, विनायककाका नाचत होते.

वरात आजीच्या दारात पोचली, तेव्हा त्यांनी धापा टाकत हात जोडले. "हरलो, आजी! पण आमच्या केटररची जिलबी कशी होती, तेवढं खरं सांगा."

आजीनं माईक तोंडाशी नेला. "काय सांगू व्याहीबुवा! अशी गोड जिलबी जल्मात खाल्ली नाय! अजून जिभेवर पाक घोळतोय..."

"खोटं!" दुसऱ्या माईकवरून नव्या सुनेचा आवाज घुमला. "धडधडीत खोटं, आजी! चटई म्हणालात तुम्ही तिला!"